हवालदारांचा नोड

ते फोनवर कधी हॅलो म्हणाले नाहीत. फोन उचलायचे आणि म्हणायचे, "पाठव." म्हणजे बोल. आपलं बोलून झालं की तेच बोलणं शब्दाला शब्द आपल्याला परत ऐकवायचे. "मंगळवारी, अकरा वाजता, विहारात बैठक, सतरंजी माझी. बरोबर?" बरोबर म्हटलं की फोन बंद. एकदा त्यांच्या मेहुणीनं रडत रडत सासरे गेल्याचं कळवलं. हवालदारांनी तेही जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं आणि शेवटी विचारलं, "बरोबर?" मेहुणी वर्षभर बोलत नव्हती.

हवालदार पोलिसातले नव्हेत, फौजेतले. उभी नोकरी सिग्नलमध्ये गेली. निरोप घ्यायचा, पुढं द्यायचा, आणि पलीकडच्यानं तो परत म्हणून दाखवल्याशिवाय तो पोचला असं मानायचं नाही. आटपाडीकडच्या आमच्या कोरड्या गावात ते निवृत्त होऊन आले तेव्हा लोकांना वाटलं, आता हा माणूस डाळिंबाची बाग बघेल. बाग त्यांनी भावाला दिली आणि स्वतः लोकांच्या बोलण्यातल्या चुका बघत बसले.

मी तेव्हा पत्रकं काढायचे. अजूनही काढते. ज्यांना पत्रकाची भाषा भडक वाटते त्यांनी एकदा पाइपच्या शेवटाला राहून बघावं. आमची वस्ती पाइपच्या शेवटाला आहे. पाणी वरच्या आळीतून, बागांमधून, सरपंचाच्या शेततळ्यावरून होत होत आमच्यापर्यंत येतं, म्हणजे यायचं असलं तर येतं. आम्ही लढून लढून गावाकडून ठराव करून घेतला की प्रत्येक घराला, जमीन असो नसो, पाण्याची सारखी पाळी. ठराव झाला तरी वहीत खाडाखोड व्हायची. आमची पाळी "दिली" अशी लिहिलेली आणि आमच्या टाकीत पालींची पिल्लं. यावर मी काढलेलं पहिलं पत्रक हवालदारांनी दोन पेन्सिली घेऊन वाचलं. जे मी स्वतः पाहिलं त्याखाली निळी रेघ, जे ऐकलं त्याखाली लाल. पत्रक परत आलं ते लालभडक होऊन.

मी भडकले. "आवं हवालदार, अन्याय करणारे आमाला बघायला बोलावून अन्याय करतात व्हय?"

"न्हाई करत," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून तर लाल पेन्सिल लवकर संपती. पर तुजी निळी अजून टोकसुद्धा झिजली न्हाई, पोरी."

असा माणूस. चिडून घरी यावं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्याचंच बरोबर आहे हे कळावं.

पुढं एका संस्थेनं आमच्या गावाची पाणीवही कागदावरून काढून ब्लॉकचेनवर नेली. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सरळ सांगते. ही अशी वही, जिची एकच प्रत कुणाच्या कपाटात नसते. जगभरच्या हजारो यंत्रांवर तीच वही पानाला पान सारखी असते. नवं पान लागलं की सगळीकडे लागतं, आणि जुन्या पानावर खाडाखोड केली तर बाकीची यंत्रं ती मानत नाहीत. या प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. पाटकऱ्यानं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून पाळी देणाऱ्या माणसानं, पाणी सोडून झालं की आपल्या फोनवरून नोंद करायची. ती त्याच्या सहीनं त्या वहीत जाते. आम्ही आमच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बघायचं, पाळी दिली असेल तर हिरवी खूण.

गाव खूश झालं. हवालदार सोडून.

पुण्याहून संस्थेची दोन पोरं अ‍ॅप शिकवायला आली होती. हवालदार पहिल्या रांगेत. हात वर करून उभे राहिले.

"तुमचं ह्ये अ‍ॅप कुणाला इचारतंय?"

"आमच्या सर्व्हरला, सर."

"आन् तो?"

"तो एका कंपनीच्या नोडला विचारतो."

"म्हंजे म्या तुमास्नी इचारायचं, तुमी त्येला, त्यानं तिसऱ्याला. मंग उत्तर त्याच वाटनं माघारी येणार. वाटंत कुनी त्यातलं चार शबूद ठेवून घेतलं तर?"

"सर, असं कुणी करत नाही."

"ह्ये निळं का लाल?" हवालदारांनी विचारलं. पोरांना काही कळलं नाही. आम्ही हसलो.

पंधरा दिवसांत त्यांनी स्वतःचा नोड बसवला. ज्या खोलीत पूर्वी ज्वारीची पोती असायची तिथं एक यंत्र, दोन बॅटऱ्या, भिंतीवर पंखा यंत्राकडे तोंड करून. स्वतः घामानं निथळायचे, पंख्याची दिशा मात्र बदलायची नाही. बायको म्हणायची, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, माज्याकडं कवा पंखा वळवला न्हाई ह्या माणसानं."

नोड दूर असला तरी त्याला प्रश्न विचारता येतो, हे त्यांनी मला शिकवलं. त्याला आरपीसी म्हणतात. ठरलेल्या साच्यात प्रश्न लिहून पाठवायचा, दूरचं यंत्र तेवढ्याच प्रश्नाचं तेवढंच उत्तर देतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. हवालदारांना हे फार आवडायचं. "माणसाला पाणी आलं का इचारलं तर तो जावयाची गोष्ट सांगतो. नोड सांगत न्हाई." त्यांनी मला नोडचा पत्ता आणि परवलीचा शब्द दिला. गावात तो आणखी कुणाकडेही नव्हता. मला अभिमान वाटला. आपल्या वस्तीचा प्रश्न आपण मधल्या कुणालाही न विचारता थेट वहीला विचारू शकतो, ही मला राजकीय गोष्ट वाटली. अजून वाटते.

पण त्यांची एक अट होती. कुठलाही प्रश्न विचारायच्या आधी नोडला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की तू वहीच्या कितव्या पानापर्यंत आलास?

"यंत्र बंद पडलं, डिस्क बदलली, तर तो पयल्या पानापासनं सगळी वही पुन्हा वाचत येतो. वाचताना बी तो उत्तरं देतोच. खोटं न्हाई बोलत, पर त्येला जितकं ठावं तितकंच सांगतो. रजेवरनं आलेल्या जवानाला युनिटात काय चाललंय इचारायचं नसतं. आधी इचारायचं, गड्या, तू आलास कवा?"

मी मान हलवली. त्यांनी परत म्हणून दाखवायला लावलं. मी म्हणून दाखवलं. म्हणून दाखवणं आणि डोक्यात शिरणं वेगळं असतं, हे सिग्नलमध्ये शिकवत नसावेत.

उन्हाळ्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेला गेले. जायच्या आदल्या दिवशी नोडची डिस्क खराब झाली. नवी बसवून, यंत्र चालू करून ते एसटीत बसले. मला फोनवर सांगितलं होतं, "डिस्क बदलली." मी "बरोबर" म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात वस्तीची पाळी आली आणि पाणी धड आलं नाही. अर्धा तास बारीक धार पडली आणि बंद. बायका हंडे घेऊन उभ्या. मी तेव्हा परीक्षेसाठी सांगलीला खोलीवर. आईचा फोन आला, "अगं, अ‍ॅपमदी हिरवी खूण हाय आन् टाकीचा तळ दिसतोय." वस्तीतल्या लोकांनी पाटकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पाइप फुटला होता, म्या तसं लिवलंय. अ‍ॅपमध्ये तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसती हिरवी खूण.

मी लॅपटॉप उघडला. हवालदारांच्या नोडला विचारलं, या पाळीची नोंद दाखव.

उत्तर आलं, रिकामं. नोंदच नाही.

 म्हणजे अ‍ॅपमध्ये हिरवी खूण आणि वहीत काहीच नाही! म्हणजे खूण खोटी, पाटकरी खोटा, पाणी वरच्या बागांत गेलं! पाटकरी वरच्या आळीतला होता, एवढं मला पुरे होतं. मी परीक्षेच्या कागदांवरच पत्रक लिहिलं. मथळा दिला, "वस्तीची पाळी कुणी गिळली?" खाली, "आम्ही थेट नोडला विचारले आहे. नोंद नाही. पाटकरी खोटे बोलतो." दुसऱ्या दिवशी आटपाडीत छापलं आणि गावात घरोघरी वाटलं. वरच्या आळीत तर मी स्वतः वाटलं. एकेक दार वाजवून.

पत्रकाचा परिणाम झाला नाही असं म्हणणाऱ्यांना सांगते, झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटकऱ्यानं व्हॉल्व्हची ती हातभर लोखंडी किल्ली ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवली आणि घरी जाऊन बसला. आणि आनंद कुणाला झाला? बागवाल्यांना. त्यांना हा पाटकरी नकोच होता. का नको होता, ते मला तेव्हा कुणीतरी विचारायला हवं होतं. तो त्यांच्याच भावकीतला असून आमची पाळी तोडू देत नव्हता, म्हणून नको होता. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ते माहीत होतं. मी म्हाताऱ्यांना विचारलं नव्हतं, मी नोडला विचारलं होतं. सरपंचानं लगेच ग्रामसभा लावली. विषय एकच, नवा पाटकरी. नाव ठरलेलं होतं, सरपंचाचा पुतण्या. तो आला की आमच्या टाकीचं काय होणार हे सांगायला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी हवालदार आले. डोळ्याला काळा चष्मा, हातात थेंबांच्या बाटल्यांची पिशवी. आईनं त्यांना पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी ते परत म्हणून दाखवलं, माझ्यासमोर, मथळ्यासकट. मग विचारलं, "नोड कुठवर आला हुता?"

मी पत्रकाची घडी घालायला लागले.

"इचारलं हुतंस?"

"न्हाई."

"त्येच्या आधीची पाळी इचारून बगायची. तवा तुज्या आईनं टाकी भरून घेतलेली. ती पाळी बी नोड न्हाई म्हणाला असता."

आम्ही त्यांच्या नोडच्या खोलीत गेलो. मी मागची पाळी विचारली. रिकामी. त्याच्या मागची. रिकामी. नोड अजून कुठंतरी दीड वर्षामागं, गावाची वही चढली त्याच्याही आधीच्या पानांवर चालत होता. आमच्या गावाची एकही पाळी अजून त्याच्या वाचण्यात आली नव्हती, आणि मी त्याच्या जिवावर एका माणसाला चोर ठरवला होता. पंखा यंत्रावर फिरत होता. मला तिथंच बसावंसं वाटेना आणि उठावंसंही वाटेना.

"किती दिवस लागतील?"

"तीन. चार बी."

"सभा उद्या हाय! हवालदार, त्या कंपनीच्या नोडला इचारूया. आत्ता कळंल."

"इचार की. मंग सभेत सांग, म्या ऐकलंय म्हणून. येकदा न ऐकता बोललीस, आता ऐकून बोल. बगून कवा बोलणार?"

मला त्यांचा संताप आला. खरं सांगते. समोर एका घराचं वाटोळं होतंय, आमच्या पाण्यावर सरपंचाचा पुतण्या बसतोय आणि हा म्हातारा यंत्राची वाट बघायला सांगतोय! मी ओरडले. ते डोळ्यात थेंब घालून घेत होते, मान मागं टाकून. थेंब गालावर ओघळला तो त्यांनी पुसला नाही. म्हणाले, "सभा थांबवायला वही कशाला लागती? तू लागतीस. आरोप तुजा हाय. आरोप करणारी म्हणाली का मला ठावं नव्हतं, तर सभा कशावर चालंल?"

दुसऱ्या दिवशी मी सभेत उभी राहिले. आजवर मी अनेक सभांत उभी राहिले होते, पण दर वेळी समोरच्यावर बोट रोखून. या वेळी बोट कुठं ठेवावं कळेना. मी म्हणाले, "पत्रकात मी लिहिलं की नोंद नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. मी आरोप मागे घेते."

बागवाले हसले. "आता काय झालं गं? यंत्र रुसलं व्हय?" कुणीतरी म्हणालं, "रोज येक पत्रक काढा म्हणावं, सकाळी आरोप, सांजचं माफी." सरपंच म्हणाला, ते काही असो, विषय आहे तर मतदान घेऊ. तेव्हा हवालदार काठी टेकत उठले. काळ्या चष्म्यातून त्यांना कोण कुठं बसलंय ते दिसत नव्हतं. ते चुकीच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बोलले, आणि कुणीही हसलं नाही.

"चार दिवस थांबा. नोड आला की सगळ्यांसमूर इचारू. पाटकरी चोर निघाला तर पयला हात माजा वर. पर चार दिवस थांबायला कुणाची हरकत असंल, त्यानं हरकत का ते उभं राहून सांगावं. म्या परत म्हणून दाखवीन."

कुणी उभं राहिलं नाही. ज्याला घाई होती त्याला घाईचं कारण मोठ्यानं सांगायचं नव्हतं, आणि आपलं वाक्य हवालदारांच्या तोंडून परत ऐकायची तर कुणालाच हौस नव्हती. सभा चार दिवसांवर गेली.

पाचव्या दिवशी सकाळी चावडीत पडदा लावला. मी नोडला पहिला प्रश्न विचारला, कुठवर आलास? आकडा आला. हवालदारांनी तो जगभरच्या वहीच्या शेवटच्या पानाच्या आकड्याशी ताडून बघायला लावला. जुळला. मग मी आमची पाळी विचारली.

नोंद होती. पाटकऱ्याच्या सहीची. आणि तिच्या शेवटी शेरा होता: "दुपारी पाइप फुटला. पाणी अर्धंच गेलं. वस्तीची अर्धी पाळी देणं बाकी."

पाटकऱ्यानं सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द. संस्थेच्या अ‍ॅपमध्ये शेरा दिसायची सोयच केलेली नव्हती. म्हणजे गावात आमच्या अर्ध्या पाळीचा एकच साक्षीदार होता, आणि मी त्यालाच घरी बसवला होता. शेऱ्याबद्दल मी संस्थेशी पुढं कडाक्याचं भांडले, ते वेगळं. तो राग माझा हक्काचा होता. पण आपल्या चुकीवर पांघरूण म्हणून मी तो वापरणार नव्हते, आणि हवालदारांनी वापरूही दिला नसता.

सभेनं एकमुखानं ठराव केला, पाटकरी तोच. पाटकरी सभेला आलाच नव्हता. शिपाई किल्ली घेऊन त्याच्या दारात गेला आणि किल्ली घेऊनच माघारी आला. "सभा घे म्हणती, घरातली घेऊ नगं म्हणतिया," एवढाच निरोप.

"दुरुस्ती पाठवायची," हवालदार मला म्हणाले. "चुकीचा संदेश ज्या ज्या ठाण्याला गेला, दुरुस्ती त्या त्या ठाण्याला. गोळा करून चावडीवर वाचून दावली, असं चालत न्हाई."

मी दुसरं पत्रक छापलं. पहिल्याच्याच मापाचं, पहिल्याच्याच कागदावर. त्यात पाटकऱ्याचा शेरा जसाच्या तसा घातला आणि खाली लिहिलं, चूक माझी. हवालदार माझ्याबरोबर निघाले. काळा चष्मा, डोक्यावर टॉवेल. सगळं गाव पालथं घातलं. दार उघडलं की मी वाचून दाखवायचे आणि ते घरच्याला म्हणायचे, "आता तुमी सांगा, काय ऐकलं?" लोक वैतागून का होईना, सांगायचे. एका म्हातारीनं तीनदा चुकीचं सांगितलं. आम्ही तीनदा वाचलं. तिच्या सुनेनं शेवटी हात जोडले, "आवं हवालदार, पाटकरी साव हाय, पटलं आमाला. भाकरी करपतिया माजी."

शेवटचं घर पाटकऱ्याचं. तो ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. मी वाचायला सुरुवात केली. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मोठ्यानं वाच. शेजारी ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं वाचलं. पाटकरी जमिनीकडे बघत होता. वाचून झालं. मग ती बाहेर आली. उन्हात डोळे बारीक करून तिनं माझ्या हातातला कागद घेतला आणि अक्षरावर बोट ठेवत खालपर्यंत वाचला.

"ह्यात माजं नाव न्हाई," ती म्हणाली.

"वहिनी, पहिल्या पत्रकात पण तुमचं नाव नव्हतं."

"न्हवतं. पर घरात मी बसलिया. ह्ये पुरुष मानूस, ह्ये पारावर जाऊन आलं दोनदा. मी गिरणीला गेली न्हाई, लेकीच्या साळंत गेली न्हाई. नळावर बाया माज्या हंड्याकडं बगून गप झाल्या, तवापासनं नळावर बी गेली न्हाई. माजी दुरुस्ती कुटं हाय?"

 मी ओट्यावर बसले आणि पेननं पत्रकाच्या खाली तिचं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरच्या नावासकट, ती सांगेल तसं. पुढं लिहिलं, यांना माझ्यामुळे घरात बसावं लागलं, मी यांची माफी मागते. तिला वाचून दाखवलं.

"बरं हाय," ती म्हणाली. नवऱ्याकडं वळली. "सगळ्या घरात ह्ये पोचलं का किल्ली आना. त्येच्या आदी न्हाई."

माझ्या पिशवीत उरलेले कागद होते, आणि गावात कितीतरी घरं, जिथं आम्ही नुकतेच जाऊन आलो होतो, जिथल्या लोकांनी हात जोडले होते. ऊन डोक्यावर आलेलं. मी हवालदारांकडं बघितलं. निदान चहा तरी घ्या, असं पाटकरी म्हणत होता.

हवालदार केव्हाच गल्लीत उतरले होते. काठीनं वाट चाचपत, गावाच्या पार दुसऱ्या टोकाकडं, पहिल्या घराच्या दिशेनं.